भुवईचा केस

पुण्याचे पाहुणे आले होते. सरांनी मला प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं आणि सरळ माझ्या अंगावर चालत आले. मी मागे सरले. ते आणखी पुढे आले. पाठ भिंतीला लागली. हातातली बादली कलंडली, पाणी पायांवर.

"बघितलंत?" सर पाहुण्यांना म्हणाले. "मावशींना केससुद्धा लावावा लागत नाही."

सगळे हसले. मी फडकं घेऊन फरशी पुसली.

रत्नागिरीत रेल्वे नवीन होती तेव्हाची गोष्ट. सरांच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या बशा धुवायची. त्या बशांत डोळ्याला जेमतेम दिसतील असे किडे वाढवत. भुवईचा केस काडीला चिकटवून किड्याच्या डोक्याला लावला की तो मागे सरे. औषध घालून किड्यांचं बीज बिघडवायचं आणि त्यांच्या वंशात मागे न सरणारा शोधायचा. त्याच्यात काय मोडलंय ते सापडलं की बाकीचे कशाच्या हुकमाने सरतात ते कळतं, असं सर शिकवत. सरणाऱ्यांचा उपयोग नसे. त्या बशा माझ्याकडे येत. मी त्या कुकरमध्ये उकळायची.

माझी चौथी झालेली. आम्ही बौद्धवाडीतले. लहानपणी पाखाडीच्या पायऱ्यांवर समोरून खोताघरचं कोणी आलं की आई माझा दंड धरून मला कडेच्या दगडी गडग्याला चिकटवायची. "सावली पडंल गो," म्हणायची. आई गेली. तिची बोटं दंडावर राहिली.

पाहुणे गेल्यावर एका विद्यार्थिनीने मला भिंगातून बघायला बोलावलं. "मावशी, सापडला." तिने केस लावला. किडा सरला नाही. परत लावला. तो आपला पुढेच.

"बिघडलेला आहे," ती खुशीत म्हणाली.

मागे कुकर शिट्ट्या देत होता. त्यात बाकीचे होते, सगळे गुणी. ते मला अजून दिसतात. उकळत्या पाण्यातही मागे मागे सरतात.

पुढचे पाहुणे आले.

"मावशी, दारात या जरा."

मी आले. सर चालत आले. मागे सरायला माझी टाच आपोआप उचलली. मी ती खाली दाबली. त्यांचा बूट माझ्या अंगठ्यावर आला.

"सरका की."

"नाही सरत."

"काम नकोय वाटतं?"

"काम करीन. हे नाही."

कोणी हसलं नाही. सर अंग चोरून बाजूने गेले.

मला काढलं. पुढे मी दुसरीकडे भांडी घासली. टाच अजून आपोआप उचलते, या वयातही. दर वेळी ती दाबावी लागते. मरेपर्यंत दाबीन. ज्याला पुढे जायचं असेल त्याने बाजूने जावं.