हमीद मिस्त्रींनी ठेवलेली कड

हमीद मिस्त्री गेल्याचा फोन मला त्यांच्या घरून नाही, चर्चमधून आला. "सर, आपले मिस्त्री गेले हो..." एवढंच म्हणून एस्तेरबाई थांबल्या. वडवणीकडच्या एका लहानशा चर्चमधल्या या ऐंशीच्या बाई, बीडचे हमीद सुतार आणि वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी. आम्हा तिघांची मोट एका छपरानं बांधली. दीड महिना झाला, पण त्यांच्यावर लिहायला बसलो की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

त्या छपराला सागाच्या सहा तुळया. चर्च बांधायचं ठरलं तेव्हा आपल्या आजानं त्या आदिलाबादच्या जंगलातून तोडून बैलगाडीनं आणल्या, असं एस्तेरबाई सांगत आल्या होत्या. कमिटीतल्या तरुण मंडळींना ते कुठल्यातरी पडक्या घराचं उतरवलेलं लाकूड वाटायचं. त्यांना पत्रे टाकायचे होते. शेवटी ठरलं, सरांनी तपासावं. लाकूड चर्चच्या वेळचं निघालं तर छप्पर राहील, नाहीतर पत्रे.

मी पोकळ गिरमिटानं तुळईतून पेन्सिलीएवढी कांडी काढली. साग दरवर्षी एक कडं वाढतो, ओल्या साली जाड, कोरड्या साली बारीक. त्याच जंगलातल्या, वर्षं ठाऊक असलेल्या सागाच्या कड्यांशी ही ओळ ताडून पाहिली की आपल्या कांडीतल्या कड्यांची वर्षं कळतात. शेवटचं कडं, म्हणजे झाड तोडल्याचं साल, पायाभरणीच्या चांगलं तीस वर्षं आधीचं निघालं. मी रुबाबात ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "म्हंजी आजा खोटं बोलला व्हय?" एस्तेरबाईंनी विचारलं. मी कांडी कागदात गुंडाळू लागलो.

पत्र्यांचं माप घ्यायला आलेले हमीद मिस्त्री मला तेव्हा पहिल्यांदा भेटले. शिडीवर चढून त्यांनी तुळईवर हात फिरवला, माझी कांडी मागून घेतली आणि उलटसुलट पाहिली.

"सर, सालीखालचं पांढरं लाकूड कुठं हाय?"

"नाहीच त्यात," मी म्हणालो.

"न्हाईच कसं? वाकसानं तासून टाकलंय! त्याला कीड लागती, कोण सुतार ठेवील? तुमची तीस सालं ढलप्यांत गेली. तुमी लाकूड मोजलं सर, सुतार न्हाई मोजला."

हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलंही होतं... आणि नेमक्या वेळी विसरलो होतो. कमिटी म्हणाली, पुरावा दाखवा. मिस्त्रींनी तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथला चुना उकरायला घेतला. पाच टोकं स्वच्छ तासलेली. सहाव्याला मात्र, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, सालीसकट पांढरी पट्टी राहून गेली होती. "शाब्बास बे कामचोरा!" मिस्त्री वरूनच ओरडले. त्या जुन्या आळशी सुताराला इतकी मनापासून दाद कुणी दिली नसेल. तिथून नवी कांडी काढली. शेवटचं कडं पायाभरणीच्या आदल्या सालचं! एस्तेरबाईंनी डोळे पुसले आणि पत्रे मागणाऱ्या कमिटीतल्या पोरांनाच आधी चहा दिला.

पत्र्यांचं काम हातचं गेलं याचं मिस्त्रींना काडीचंही वाईट वाटलं नाही. मला मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. दुकानात गेलो की गिऱ्हाइकाला ओळख करून द्यायचे, "हे सर झाडाचं वय सांगतेत. तीस साल इकडं-तिकडं."

एक तुळई कुजली होती, ती त्यांनीच बदलली. उभ्या जन्मात पांढरं लाकूड न ठेवलेल्या या माणसानं नव्या तुळईला हातभर कड सालीसकट तशीच ठेवली. मी त्यांच्याच बोलीत कारण विचारलं, "हे कावून?"

"शंभर सालांनी कुणी तरी सर येईल की. त्याची फजिती नको."

कीड लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी ते स्वतः येऊन त्या कडेला तेल लावायचे.

यंदा शिडीवर मी चढलो. एस्तेरबाईंनी खाली शिडी धरली, म्हणजे पडलो असतो तर दोघंही. फडकं कडेवर फिरवताना मला रडू आवरेना.

"सर," खालून एस्तेरबाई म्हणाल्या, "सालीच्या फटीत बी लावा. मिस्त्री तितं लई येळ लावायचे."

मी फडकं पुन्हा तेलात बुडवलं.