अमोनियाची खोली

आज जिना पुसणाऱ्या बाईंनी कसलंसं झोंबरं औषध ओतलं आणि माझा श्वास अडकला.

पूर्वी अंबडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे. तिथेच कामाला असलेल्या सलमाआपा मागच्या कोंदट खोलीत अमोनियाच्या वाफेवर त्या नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या. एकदा आपा पाणी प्यायला बाहेर गेल्या असताना मी प्रत घ्यायला आत गेले आणि माझ्या पायाशी अमोनियाची बाटली फुटली. डोळे उघडेनात, घसा आवळला, भिंती चाचपून दार सापडेना. आता मेले, असं वाटलं.

"आपा!"

"श्वास घेऊ नको, मी येऊन राह्यले!"

माठात बुडवलेली ओढणी माझ्या तोंडावर दाबून त्यांनी मला फरफटत बाहेर काढलं. नंतर त्या कितीतरी वेळ खोकत होत्या.

ओढणी एकच होती, हे मला आज कळतंय.