बर्नीचा खालचा खण

मी घरं विकते असं माझ्या कार्डावर छापलंय, पण ते अर्धसत्य आहे. अमेरिकेतल्या या आमच्या एल्मस्टेड गावात घर विकावं लागतच नाही. लोक गळक्या तळघरासकट आणि शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्यासकट घेतात. मी विकते तो एक फोटो. दर वर्षी एक मेला, कॉलेज पक्कं करायच्या शेवटच्या दिवशी, आमच्या सरकारी हायस्कूलची शेवटच्या वर्गातली मुलं ज्या कॉलेजात जाणार त्याचा स्वेटशर्ट घालून मैदानाच्या पायऱ्यांवर बसतात, गावच्या साप्ताहिकाचा माणूस फोटो काढतो आणि तो पहिल्या पानावर छापून येतो. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर असे बावीस फोटो आहेत. जुने आधीच्या मालकाकडून टेबलखुर्च्यांबरोबर आले. गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी त्या भिंतीसमोर उभं करते. बाप नामांकित कॉलेजांचे शर्ट मोजतो, आई मनातल्या मनात आपल्या तीन वर्षांच्या पोराच्या अंगात त्यातला एक चढवते, आणि सौदा होतो. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घराच्या पत्त्यावरून पोराला मिळणाऱ्या सरकारी शाळा, चांगला की वाईट हे ओळखायची आमच्याकडे हीच रीत.

त्या रीतीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. सतरा वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा असेच त्या भिंतीसमोर उभे होतो. पुढं माझ्या मुलीला गणित शिकवलं ते दर शनिवारी एका कोरियन बाईंनी, तिचे निबंध तपासले तिच्या बापानं, आणि फोटोत मिरवली शाळा. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्या फांदीवर बसलोय ती कोण तोडतं?

कोणतं मूल कोणत्या कॉलेजात चाललंय याची यादी करायची बर्नी फुसारो. खरं नाव बर्नाडेट. माझ्या समोरच्याच घरात राहते. हायस्कूलच्या समुपदेशन ऑफिसात एकतीस वर्षं कारकून. बुटकी, गुडघ्यांनी अधू, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडून माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यावा. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात बडीशेपेची बिस्किटं घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या मसाल्याच्या वासानं माझं मांजर पळून गेलं. छान झालं, मला ते आवडतच नव्हतं." तेव्हापासून आमचं जमलं.

तिच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण मोठा होता. त्यात चौदा-पंधरा स्वेटशर्ट घड्या घालून ठेवलेले असत. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून निवडलेले, घरी धुऊन इस्त्री केलेले, दूरदूरच्या मोठ्या विद्यापीठांचे. एक मेच्या सकाळी तिच्या दारात काही मुलं घुटमळत. कुणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात जाणार असे, कुणी वायरमनच्या हाताखाली, कुणी सैन्यात. बर्नी काही विचारायची नाही. "थंडी वाजतेय का रे?" एवढंच म्हणायची. मूल मान डोलवायचं, ती खण उघडायची. तासाभरानं शर्ट परत खणात. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं आणि कुणीही ते बोलत नव्हतं. बर्नीला वाटायचं, आपण पोरांची लाज राखतो. मला ते पुण्याचं काम वाटायचं, कारण त्यात माझा धंदा होता.

या गोष्टीतली दुसरी व्यक्ती म्हणजे बर्नीची नात, जोसी. बर्नीची मुलगी टेरी ओहायोत राहते. तिनं जोसीला अकराव्या वर्षी आजीकडे पाठवलं, का, तर एल्मस्टेडची शाळा चांगली म्हणून! पोरगी आली तेव्हा तिला एक पान धड वाचता येत नव्हतं. शाळेतल्या एका बाईनं दोन वर्षं रोज तळघरातल्या छोट्या खोलीत बसून तिला वाचायला शिकवलं. आता जोसी शेवटच्या वर्गाची खजिनदार होती. डेलावेअरच्या विद्यापीठाचं पत्र तिला आलं होतं, पण तिनं निवडला काउंटी कॉलेजचा नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मनापासून निवडला. तिथला हिरवा स्वेटशर्टही स्वतः जाऊन घेऊन आली. मला विचाराल तर आमच्या डिस्ट्रिक्टनं गेल्या दहा वर्षांत केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ही पोरगी. पण ते काम कुठल्या फोटोत दिसणार?

आणि खजिनदार पहिल्या ओळीत, मधोमध बसते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी शाळेत गेले होते. फोटोच्या दिवशी मुलांना न्याहारीचे बेगल-पाव माझ्यातर्फे असतात, त्याचा आकडा विचारायला. तेवढ्यात डिस्ट्रिक्टचे प्रमुख डॉ. प्रुइट आत आले. उंच, गोड बोलणारा माणूस. त्यांनी बर्नीच्या टेबलाच्या कडेवर बोट टेकवलं.

"बर्नाडेट, जोसीला डेलावेअरला प्रवेश मिळालाय ना?"

"मिळालाय. पण ती जाणार नाही."

"मिळालाय ना? मग तो शर्ट घालण्यात खोटं काय आहे? यंदा शाळांची क्रमवारी लावणारे मासिकवाले हाच फोटो छापणार आहेत. पहिल्या ओळीत काउंटी कॉलेज दिसलं तर लोक काय समजतील?"

"की एक पोरगी नर्स होणार आहे," बर्नी म्हणाली.

"तुमच्याकडे डेलावेअरचा निळा आहे ना खणात? एका तासाचा प्रश्न." ते हसले. "पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. कुणालाच कटकट नको."

ते गेल्यावर बर्नीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, समोरच्या घरातली तिची मैत्रीण, काय बोलले? "अगं, तासाभराचं तर आहे. समजाव ना पोरीला." शनिवारी माझ्याकडे एक जोडपं येणार होतं, त्यांच्यासाठी नवा फोटो चौकटीत घालायचा होता. लाज वाटते आता सांगताना.

जोसी दुपारी माझ्या ऑफिसात घरांच्या माहितीचे कागद लावायला यायची. एक मेच्या आदल्या दिवशी ती खुर्चीवर चढून चौकटींची धूळ पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"वृंदा आंटी, ही माझी आई आहे."

एकोणीसशे नव्व्याण्णवचा फोटो. तिसऱ्या ओळीत टेरी, अंगात मिशिगनचा पिवळा-निळा स्वेटशर्ट, ओठ घट्ट मिटलेले. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि त्या ओळीतला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी शर्टच पाहायचे.

"आई मिशिगनला होती?"

"मला... तुझ्या आजीला विचार."

"म्हणजे नव्हती."

ती चौकट काढून काखेत मारून निघाली. मी मागोमाग. बर्नी पुढच्या ओट्यावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. जोसीनं चौकट तिच्या मांडीवर ठेवली. आजीला ती नोना म्हणते.

"नोना, हा शर्ट तू दिलास?"

बर्नीनं चष्मा शोधायचं नाटक केलं. चष्मा तिच्या नाकावरच होता.

"दिला," ती म्हणाली. "तिला पत्र आलं होतं मिशिगनचं. तुझे आजोबा तेव्हा आजारी पडले, लांब पाठवणं जमलं नाही. काउंटीत नाव घातलं. फोटोच्या सकाळी ती ऑफिसात येऊन रडत होती."

"मग?"

"मग शर्ट दिल्यावर रडायची थांबली."

"आणि नंतर?"

बर्नी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सारखी करत राहिली. नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. फोटो छापून आला आणि गावभर टेरी मिशिगनला गेली. ती मात्र इथंच, रोज काउंटी कॉलेजच्या बसनं जायची. वाण्याकडे, पोस्टात, चर्चच्या दारात लोक विचारायचे, काय गं, सुट्टी लागली का? मिशिगनला थंडी फार असेल नाही? नोव्हेंबरात वर्गातली मुलं सुट्टीवर घरी आली तेव्हा ती आठ दिवस खिडकीचे पडदे लावून बसली. जानेवारीत कॉलेज सोडून ओहायोला मावशीकडे गेली ती गेलीच. अजूनही आली तर दोन दिवसांपुरती येते आणि दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाही.

"बोल ना, नोना. नंतर काय झालं?"

"तिला लाज वाटू नये म्हणून दिला गं मी."

"तिला लाज वाटायला हवी, हे तुझ्याकडूनच तर कळलं तिला!" जोसीचा आवाज चिरकला. "मी उद्या हिरवाच घालणार. डेलावेअर घाल म्हणालीस तर फोटोला बसणार नाही, आणि शाळा संपली की मीपण आईसारखीच जाईन. मग कर फोन दर रविवारी."

दार आपटलं. आम्ही दोघी बाहेर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पोर आहे, होईल शांत."

"वृंदा," बर्नी म्हणाली, "तू घरी जा."

सतरा वर्षांत मला ती पहिल्यांदाच घरी जा म्हणाली होती.

सकाळी मी बेगलचे खोके घेऊन शाळेत पोचले तेव्हा आठ वाजत होते. फोटो साडेआठला. बर्नीच्या दारात अकरा मुलं उभी होती. मी मोजली, मोजायची सवयच आहे मला. बर्नी टेबलामागे बसली होती, हात मांडीवर. खणाला कुलूप.

"मिसेस फुसारो, थंडी वाजतेय," पुढचा मुलगा खालच्या आवाजात म्हणाला.

"मग घरून स्वेटर आणायचा होतास."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "अहो, पण माझ्या अंगात पिझ्झाच्या दुकानाचा टीशर्ट आहे," तो म्हणाला.

"तिथंच कामाला लागणार आहेस ना?"

"हो, पण..."

"मग तुझा बरोबर आहे. बाकीच्यांचं काय? कुठं जाणार ते सांगायला शर्टच लागतो का? तोंड आहे ना?" एक मुलगी रडायला लागली. वाटलं, ही बाई आता उठेल आणि खण उघडेल, एकतीस वर्षांची सवय आहे. बर्नीनं टेबलाची कड धरली, अर्धी उठलीसुद्धा. दोन्ही हातांनी त्या मुलीचा चेहरा धरला आणि म्हणाली, "माझी टेरी अशीच रडत होती. तिचं मी ऐकलं, ते चुकलं. तुझं नाही ऐकणार."

तेवढ्यात डॉ. प्रुइट आले. दारातली गर्दी आणि कुलूप त्यांनी एकदमच पाहिलं.

"बर्नाडेट, किल्ली."

"माझ्याकडे आहे."

"द्या ती."

"नाही देणार."

"ही शाळेची मालमत्ता आहे."

"टेबल शाळेचं आहे. शर्ट मी आणले, मी धुतले. खण फोडायचा तर पोरांसमोर फोडा."

डॉ. प्रुइटचा चेहरा लाल झाला. बाहेरून फोटोवाल्यानं हाक मारली की त्याला नऊला दुसरीकडे जायचंय, ऊन चढायच्या आत या. ते बर्नीकडे वाकून हळू म्हणाले, "आपण नंतर बोलू," आणि गेले.

मुलं जशी होती तशी बाहेर गेली. रडणाऱ्या मुलीनं बर्नीच्या टेबलावरचा जाड पेन उचलला आणि जाता जाता आपल्या पांढऱ्या टीशर्टवर लिहिलं, 'केसांचं पार्लर, मेन स्ट्रीट'. मग इतरांनीही तो पेन मागून घेतला. जोसी पहिल्या ओळीत मधोमध, हिरव्या शर्टात. तिनं ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. बर्नी खिडकीत उभी होती. दोघींपैकी कुणीच हात हलवला नाही, पण जोसी जागेवरून उठलीही नाही.

'आपण नंतर बोलू' याचा अर्थ सोमवारी कळला. बर्नीची बदली बसगाड्यांच्या वेळापत्रकाच्या ऑफिसात झाली, गॅरेजच्या मागे, जिथं खुर्चीलाही पाठ नाही. मासिकवाल्यांना मागच्या वर्षीचा फोटो धाडला गेला, त्यांनी तोच छापला. मी मात्र नवा चौकटीत घातला. शनिवारच्या जोडप्यातल्या नवऱ्यानं बोटावर मोजत विचारलं, "आणि ही पिझ्झावाली, पार्लरवाली मुलं कोण?"

"आमच्याच शाळेची," मी म्हणाले. "पहिल्या ओळीतली हिरवी दिसते ना, तिला अकराव्या वर्षी वाचता येत नव्हतं. शाळेनं शिकवलं." त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या गावात घर घेतलं.

रविवारी संध्याकाळी मी बिस्किटांचा डबा परत करायला बर्नीकडे गेले. पुढच्या ओट्यावर आजी-नातीच्या मध्ये फोन मोठ्या आवाजात ठेवला होता, बर्नीला कमी ऐकू येतं म्हणून. पलीकडे टेरी होती. जोसीनं तिला साप्ताहिकाचं पान पाठवलं होतं, आणि त्या सकाळची सगळी हकिगतही. मी परत फिरणार होते, पण बर्नीनं माझं मनगट धरून ठेवलं.

टेरीनं लेकीचं अभिनंदन केलं, हिरवा रंग तिला शोभतो म्हणाली.

"मम्मा," ती शेवटी म्हणाली, "माझ्या वेळी त्या खणाला कुलूप नव्हतं का गं?"