लेकीच्या घरची गाडी

तिरोडीहून सुटणाऱ्या गाडीत एक म्हातारे काकाजी एकदाच समोर बसले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. मँगनीजच्या खाणीत उमर गेलेली, तळहात कायमचे काळपट. गाडी रूळ बदलू लागली आणि चाकं खडखडली की ते डोळे मिटून, मांडवात सनई ऐकावी तशी मान डोलवायचे.

"या सांध्याच्या लोखंडात मँगनीज असते, बाबू. आपल्या हातचं."

मला खोडी काढायची हुक्की आली. सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मग काकाजी, रेल्वे तुमचीच झाली. तिकीट काहून काढलं?"

डबा हसला. ते हसले नाहीत. खिशातलं चुरगळलेलं तिकीट त्यांनी गुडघ्यावर ठेवलं आणि तळहातानं हळूहळू सपाट केलं.

"ज्या घरी पोरगी देल्ली, तिथं बाप फुकटचं पाणी तरी पेते का?"

माझं नाटक तिथंच आटोपलं, कारण त्या दिवशी मी बिनतिकीट होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही सांध्यावर चाकं खडखडली की माझा हात आधी खिशातलं तिकीट चाचपतो, आणि मग मान आपोआप डोलते.