वायरींचा गठ्ठा

आमच्याकडे घरोघरी एक अर्धा वायरमन असतो, आणि बहुधा तो घरचा कर्ता पुरुष असतो. त्याच्या खिशात टेस्टर असतो. पैसे देऊन खरा वायरमन बोलावणाऱ्यांना तो हसतो. पन्नाशी उलटेपर्यंत मी असाच होतो.

सेलूला आमचं किराणा दुकान आहे, मागे घर. होळी झाली की कूलर बाहेर निघतात. कूलर थोडाफार ‘मारतो’, हात लावला की शॉक देतो, हे आम्ही उन्हाळ्याचाच भाग समजतो. त्यावर आमचा उपाय ठरलेला : पाणी टाकताना पायात चप्पल घालायची. शिकलीसवरली माणसंही हेच सांगतात. वायर बघा, असं कोणी म्हणत नाही.

त्या उन्हाळ्यात मुलीला बघायला हिंगणघाटचे पाहुणे यायचे होते. बैठकीत कूलर, फ्रिज, टीव्ही आणि इन्व्हर्टरच्या वायरी लोंबत होत्या. मी त्या सगळ्या एकत्र ओढल्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी करकचून बांधल्या आणि तो गठ्ठा खिडकीच्या लोखंडी गजांना आवळला. कूलरची उरलेली लांब वायर वेटोळं करून त्यातच कोंबली. वर पडदा सोडला. दिसत नाही ते नीट आहे, एवढीच माझी अक्कल.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, “अहो, खिडकीच्या गजाले हात लावला का झिणझिण करते. वायरमनले बोलवा.”

“त्याले काय समजते? चार क्लिपा ठोकते अन् चहा पिऊन जाते. तू चप्पल घालत जा.”

पाहुणे आले. बैठकीत माणसं बसलेली, म्हणून बायकोने चप्पल दाराबाहेरच काढली. कूलरमध्ये पाणी टाकताना आधाराला गज धरला आणि ती तिथेच चिकटली. तोंडून आवाजही निघाला नाही. मी टेस्टरवाला नुसता उभा राहिलो. मुलीने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा बायको खाली कोसळली. उजवं मनगट मोडलं.

यानंतर मी जे केलं, त्याची मला आजही किळस येते. दवाखान्यात, पाहुण्यांसमोर मी म्हणालो, “शंभरदा सांगतलं हिले, चप्पल घाल म्हणून. ऐकतच नाई.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बातमी ऐकून आलेला तिचा सख्खा भाऊसुद्धा तिला रागावला. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ती ऐकत राहिली.

मग वायरमन आला. त्याने चिंध्या कापल्या. आतल्या वायरी तापून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि गजाच्या कडेवर कूलरच्या वायरीचं आवरण कातरून तांबं उघडं पडलं होतं. त्याने वायरी बदलल्या. कूलरची आणि फ्रिजची वायर बाकीच्यांपासून दूर, वेगवेगळी नेली. न ताणता वीत-वीतभर अंतरावर क्लिपा मारल्या. गजांमधून जाते तिथे पाइपचा तुकडा चढवला, कूलरला अर्थिंग जोडलं. जास्तीची वायर गुंडाळली नाही, कापून टाकली. मी ज्याला चार क्लिपा म्हणून हिणवत होतो, ते काम हे होतं.

“हे कोनं बांधलं होतं?” त्याने विचारलं.

“आधीच्या वायरमननं.”

बायको दारातच उभी होती. वायरमन गालात हसला. “वायरमन लुगड्यानं नाई बांधत, भाऊ.”

त्या संध्याकाळी मी मेव्हण्याला फोन केला. “चूक माही होती. वायरी मीच बांधल्या होत्या. तिनं सांगतलं होतं मले.”

“जाऊ द्या ना भाऊजी,” तो म्हणाला. “चप्पल घातली असती तं काईच झालं नसतं.”

माझंच वाक्य. मी मागे घेतलं तरी ते तिच्या अंगाला चिकटून राहिलं होतं. त्या मूर्खाचा राग यावा, इतकीही माझी लायकी नव्हती.

बायको डाव्या हाताने मेथी निवडत होती. “त्याले सांगून काय होते?” ती मान वर न करता म्हणाली. “पाहुण्यायले सांगा. माय अशी बेफिकीर, तं पोरगी कशी असन, हे डोक्यात घेऊन गेले ते लोक.”

मी हिंगणघाटचा नंबर लावला. तिने मेथीचं ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.