घोडीचा उजवा पाय

एकोणनव्वद-नव्वदच्या सुमारास मी पनवेलला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. डॉक्टर रजेवर असले की लोक मलाच डॉक्टर म्हणत. मी कधी दुरुस्ती केली नाही.

अशाच एका रजेत टांगेवाले चाचा घोडी घेऊन आले. पुढच्या पायानं लंगडत होती. चाचा म्हणाले, "उजवा हाय, साहेब."

मी तिला आवारात चालवून पाहिली. डावा पाय टेकला की डोकं खाली जायचं. दुखऱ्या पायावर डोकं खाली जातं, असा माझा समज. म्हणालो, "डावा."

"रोज हाकतो मी तिला."

"तुम्ही हाकता चाचा, आम्ही सांधे शिकलोय." आणि न विचारता सांगितलं, की घोड्याचा पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंवर टांगलेला असतो.

"मग आमचा टांगा बरा," चाचा म्हणाले. "खिळे तरी हायेत."

मी सळई तापवून डाव्या गुडघ्याला डाग दिले. तीन ओळी, अगदी सरळ. त्यांचं कौतुक चाचांनीही केलं.

आठवड्यानं घोडी परत आली. डोकं जराही हलत नव्हतं. चाचा खूश. मी मात्र तिची पावलं पाहत होतो. पुढचे दोन्ही पाय ती सारखेच आखडून टाकत होती. तेव्हा उमगलं. डोकं दुखऱ्या पायावर वर जातं, चांगल्यावर खाली येतं. माझ्या डागांनंतर आता चांगला उरलाच नव्हता, तर डोकं झुकणार कुठं?

"जुंपू का, साहेब?"

नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

"जुंपा," मी म्हणालो आणि रजिस्टरात लिहिलं, 'आराम आहे.'

चौथ्या दिवशी सुकापूरच्या वाटेवर भरल्या टांग्यासकट ती दोन्ही गुडघ्यांवर बसली. सवाऱ्या वाचल्या. घोडी पुन्हा जुंपण्याजोगी राहिली नाही. चाचांचा टांगा दाराशी उभा राहिला, नंतर त्यात कोंबड्या बसू लागल्या.

ईदेला ते दवाखान्यात शीरखुर्मा घेऊन आले. म्हणाले, "तुमी पाय बरा केलावता, साहेब. तिचंच वय झालं."

मी दोन वाट्या खाल्ल्या. चांगला झाला होता. तसं सांगितलंही. सांगायचं होतं ते दुसरंच होतं, तीनच शब्दांचं: उजवाच होता, चाचा.