बिनखुणेचा प्रश्न

सहा आठवडे झाले. भर दुपारी चिखल्याहून राऊतवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले." राऊत आणि मी डहाणूच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं एकत्र होतो. मी रसायनशास्त्र शिकवायचो, तो फाउंडेशन कोर्स. म्हणजे समाज, राज्यघटना, हक्क असला, सगळ्या मुलांना सक्तीचा आणि आम्हा बाकीच्या प्राध्यापकांच्या लेखी बिनकामाचा विषय.

त्याची एक पद्धत होती. पहिल्या तासाला प्रत्येकाने असा एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर घरात कुणालाच आलं नाही. तो प्रश्न राऊतच्या एका लांबड्या वहीत लिहायचा. वर्षभरात उत्तर सापडलं, की विचारणाऱ्याने स्वतः त्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण करायची. तलासरीकडच्या पाड्यावरची सुनंदा माझी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. तिने लिहिलं होतं, कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काच्या दाव्यावर बापाचं नाव आहे, आईचं का नाही? त्यापायी ती कचेरीच्या फेऱ्या मारू लागली, माझी दोन प्रॅक्टिकल्स बुडाली. मी चिडून राऊतला विचारलं, याचा रसायनशास्त्राशी काय संबंध?

"काही नाही," तो म्हणाला. "तू तिला नोकरीपुरतं शिकव. साहेबासमोर खुर्ची ओढून बसायला मी शिकवतो. दोन्ही लागतं रे, पाटील."

दाव्यावर आईचं नाव चढलं. त्याच महिन्यात मी प्राचार्यांना लेखी कळवलं, की या तासाला अभ्यासक्रम बाजूला राहतो आणि मुलं घरच्या भानगडी वर्गात आणतात. त्यांनी राऊतकडून विषय काढून घेतला. नव्या माणसाने गाइडातली उत्तरं उतरवून द्यायला सुरुवात केली. पुढे राऊतच्या निरोप समारंभात मी भाषण ठोकलं, की राऊतसरांनी तो विषय कंटाळून स्वतःच सोडला होता. तो समोर बसून ऐकत होता. चहाच्या वेळी एवढंच म्हणाला, "बरं बोललास." त्यानंतरही त्याच्या वाडीतले चिकू दर हंगामात माझ्या घरी येत राहिले...

ते भाषण खोटं होतं. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथे लिहितो आहे.

तेराव्याला वहिनींनी ती वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर राऊतचं अक्षर होतं: "पाटीलने असं का केलं?" पुढची जागा कोरी.

उत्तर मी वहीत त्याखालीच लिहिलं आहे: "राऊत, सुनंदा तुझ्या वर्गात प्रश्न विचारायची, माझ्या वर्गात नुसतं उतरवून घ्यायची. ते मला सहन झालं नाही."

लाल पेन वहीलाच अडकवलेलं आहे. पण खूण विचारणाऱ्याने करायची असते.